फुजूलसाहेब

धडधाकट कोटाचे खिसे सुईदोऱ्यानं शिवून बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. फाटका खिसा शिवतात हे जगाला माहीत आहे. आमच्या साहेबांनी चांगले खिसे शिवले होते, उजवीकडचा एक तेवढा सोडून. कारण विचारलं तर म्हणायचे, "जितके खिसे तितकी शोधाशोध. बसमधी कंडक्टर समोर उभा, अन् माणूस आपलंच अंग चाचपायलाय. फुजूल हाय की न्हाई?" आता त्या एकाच खिशात पैसे, चष्मा, खडू, सुपारीची डबी आणि दोऱ्याचं रीळ असा सगळा बाजार भरलेला असे, आणि त्यातून हवी ती वस्तू काढायला त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वेळ लागे. हे त्यांना तोंडावर सांगायची छाती आमच्यापैकी कुणाला झाली नाही.

फुजूल हा शब्द आमच्या भागाला नवा नव्हता. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेली पिढी तो मिठासारखा वापरायची. साहेबांनी मात्र त्याची भाजीच केली होती. कुणी वाकून उचललेली वस्तू पुन्हा खाली ठेवली की फुजूल. कुणी रिकाम्या हातानं परत आला की फुजूल. पुढाऱ्याचं भाषण, लग्नातली घोडी, कचेरीतली दुहेरी सही, सगळं फुजूल. त्यामुळं मॅनेजरपासून रखवालदारापर्यंत सगळे त्यांना पाठीमागं फुजूलसाहेब म्हणत. एकदा मुकादमाच्या तोंडून ते समोरच निसटलं. आम्ही माना खाली घातल्या. साहेब शांतपणे म्हणाले, "त्यातलं फुजूल काढा. नुसतं साहेब म्हणलं तरी मी वळून बघतो."

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. मोठा दुष्काळ मागं पडला होता, शेतात पुन्हा कापूस दिसायला लागला होता. परभणीच्या अलीकडं, रस्त्याला लागून एका सहकारी संस्थेची जिनिंग होती आणि तिथं मी सुपरवायझर होतो. कापसातली सरकी काढायची आणि उरलेल्या रुईच्या गठाणी बांधायच्या, एवढंच तिथलं काम. पण ते करताना जो गोंधळ चाले तो पाहून कुणालाही वाटावं की इथं लग्न आहे आणि नवरदेव हरवलाय. आमचे चेअरमन कुठल्याशा मेळाव्याला गेले आणि वर्क स्टडी नावाचं काहीतरी असतं, हे ऐकून आले. कामातली वायफळ हालचाल, वाया जाणारा माल आणि वेळ कसा हुडकायचा हे त्यात शिकवतात. लगेच ठराव झाला आणि एका हंगामापुरते, दिवाळी ते होळी, साहेब आमच्याकडं शिकवायला आले. हैदराबादेकडच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. रिटायर होऊन पेडगावला, आपल्या गावी परतले होते. सकाळच्या एसटीनं यायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं जायचे.

वर्ग भरायचा रिकाम्या गोडाऊनमध्ये, गठाणींवर बसून. विद्यार्थी चौघं: मी, मुकादम, फिटर आणि वजनकाट्यावरचा कारकून. पहिल्या दिवशी आम्ही पोरांसारखे वह्या-पेन्सिली घेऊन बसलो. साहेब म्हणाले, "वह्या मिटा. चला, मुकादम काय काम करतेत ते बघून येऊ."

"मी तर इथं बसलोय साहेब," मुकादम म्हणाला.

"तेच की. तुमी इथं बसलाव अन् भायेर काम तर चालू हाय. मंग तुमी भायेर असल्यावर काय करताव?"

हे मुकादमाच्या वर्मी लागलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो साहेबांशी कामापुरतंच बोलला. साहेबांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माणसानं कामापुरतंच बोलावं असं त्यांचं मत होतं, आणि हे मत ते आम्हाला अर्धा अर्धा तास समजावून सांगत.

त्यांच्याकडं एक घड्याळ होतं, दाबलं की चालणारं आणि दाबलं की थांबणारं. मखमलीच्या डबीत ठेवलेलं. वर्क स्टडी म्हणजे हे घड्याळ, असं आम्ही समजत होतो, म्हणून ते कधी बाहेर निघतं याची वाट पाहत होतो. एके दिवशी फिटरनं विचारलंच. साहेब म्हणाले, "घड्याळ काढलं की माणूस खोटं चालायला लागतोय. सासऱ्यासमोर जावई जेवतोय तसं. त्याच्यावरून त्याचं पोट कळत अस्तंय का?" डबी शेवटपर्यंत उघडली नाही. मला तर शंका आहे की ते घड्याळ बंदच होतं.

घड्याळाच्या जागी त्यांचं हत्यार होतं दोरा. एका फळीवर त्यांनी खिळे मारले होते. हा खिळा म्हणजे कापसाचा ढीग, हा वजनकाटा, हा कडुलिंब, हे जिन म्हणजे सरकी काढायचं यंत्र, ही कचेरी. एखादा माणूस जसजसा एका जागेवरून दुसऱ्या जागी जाईल तसतसा आम्ही दोरा एका खिळ्यावरून दुसऱ्यावर न्यायचा. संध्याकाळी फळीवर जे जाळं दिसे ते त्या माणसाचा दिवस. पहिल्यांदा त्यांनी फळीवर मॅनेजरसाहेबांच्या शिपायाचा दिवस गुंडाळला. खिळे दिसेनासे झाले. शिपाई स्वतः येऊन ते पाहून गेला आणि "म्हणूनच रातच्याला पोटऱ्या वळतेत," म्हणाला.

चहाच्या बाबतीत मात्र सगळे नियम माफ. बशीत ओतून, फुंकर घालून, मध्येच एखादी गोष्ट सांगून, पुन्हा ओतून, असा तो चहा चाले. त्या वेळात आमची एखादी गठाण बांधून व्हायची. मी एकदा धीर करून म्हणालो, "साहेब, हे कशात बसतं?" त्यांनी बशी खाली ठेवली. "चहात टाइम जात न्हाई. मुरतो," म्हणाले, आणि पुन्हा उचलली.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा हा माणूस घरात कसा नांदतो, हे कळलं. काकू चुलीपुढं बसल्या होत्या आणि पीठ, मसाला, तेल, डाळी, उलथनं, चिमटा असं सगळं त्यांच्याभोवती अर्धवर्तुळात मांडलं होतं. जागेवरून न उठता सगळा स्वयंपाक व्हावा अशी साहेबांची मांडणी. काकू म्हणाल्या, "बघितलं का बाबा? दावणीला बांधून ठेवलंय मला." मग उठल्या आणि मीठ आणायला मागच्या पडवीत गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या. पडवीपलीकडच्या शेजारणीचा आवाज आम्हाला माजघरात ऐकू येत होता. 

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तोच धडा काढला. "मिठाची बरणी म्या चार बार चुलीपाशी आणली. चार बार ती पडवीत गेली. मला वाटलं, बाई हट्टी हाय. मंग एक दिवस विचारलं. म्हणली, मीठ हितं आलं तर मी बोलू कोणासंग? तुमी तर कामापुरतंच बोलताव." आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. "म्हणून सांगतो, आधी विचारा, मंग काढा. दिसायला फुजूल ते समदं फुजूल नस्तंय." काकूंचं मीठ आम्हाला अख्खा हंगाम पुरलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाही न विचारता काढली, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. जिनिंगच्या आवारात पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण होते. एक लिंबाखाली, दुसरा मागच्या भिंतीआड. मागचा आमच्या बुद्धवाड्यातल्या बायांचा. कुणी तसं लिहून लावलेलं नव्हतं, पण लिहावं लागत नसतं. मी शिकलो, सुपरवायझर झालो, सगळे मला साहेब म्हणायला लागले, तरी माझा रांजण काही बदलला नव्हता.

साहेब एकदा आम्हाला घेऊन आवारात फिरत होते. पाणी भरणारी बाई घागर घेऊन भिंतीआड चालली होती. साहेबांनी विचारलं, "विहीर एकच ना? मंग पाणी दोन जागी कशामुळं?"

कारकून आभाळाकडं बघायला लागला. मुकादम खाकरला. मी पायातली चप्पल नीट करत राहिलो.

"दुप्पट खेपा," साहेब म्हणाले. "लय मोठं फुजूल हाय हे." आणि स्वतः जाऊन त्यांनी मागचा रांजण कलंडला, पाणी जमिनीत जिरू दिलं आणि रांजण पालथा घातला. एवढंच. भाषण नाही, उपदेश नाही. दुसऱ्या दिवसापासून मुकादम घरून आपला तांब्या आणायला लागला. मॅनेजरनं तक्रार पुढं केली तेव्हा साहेब म्हणाले, "त्यांचा तांब्या ते आणतेत. कारखान्याची खेप वाढत न्हाई. आणू द्या."

त्यांना खरं कारण माहीत नव्हतं असं मी क्षणभरही मानत नाही. याच मातीतला माणूस तो. पण ते त्याविषयी माझ्याशी कधीच बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. त्या संध्याकाळी आईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "मंग, पाणी कसं लागलं रे?" मी म्हणालो, "पाण्यासारखंच." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं बघत बसली. मला त्या माणसाविषयी जे वाटतं ते तेव्हापासूनचं आहे.

आता मुख्य गोष्ट. ढिगापासून जिनांपर्यंत कापूस नेण्याचं काम बायांचं. डोक्यावर टोपल्या घेऊन दिवसभर ये-जा. ह्या कामाचा अभ्यास हाच आमच्या वर्गाचा शेवटचा मोठा पाठ होता. त्यासाठी बायांच्या मागंमागं फिरायला हवं, आणि त्या फिरू देईनात. त्यांची म्होरकी गिरजाबाई. वयानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. टोपली खाली ठेवून तिनं साहेबांची वाटच अडवली.

"सायेब, तुमी कशाला मोजायलाव ते आमाला ठाव हाय. दुष्काळात खडी फोडायला गेलो तवा बी असंच मोजलं. मोजलं अन् मंग बाया कमी केल्या. तुमचं मोजणं झाल्यावर आमी कुठं जावं?"

साहेब म्हणाले, "या वर्गापायी एकीची बी रोजी जायची न्हाई."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. जबान दिली."

गिरजाबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग टोपली उचलून म्हणाली, "बघा मंग." बायांनी आम्हाला मागं येऊ दिलं. पण ती जबान आवारात सगळ्यांदेखत दिली गेली होती आणि साहेबांना तसला अधिकार कुणी दिलेला नव्हता. मला तेव्हाच धास्ती वाटली.

फळीवर दोरा चढला तेव्हा आम्ही चकित झालो. ढीग इथं, जिन समोर, आणि बाया मात्र दर खेपेला लिंबाकडून लांबचा वळसा घेत होत्या. मधल्या सरळ वाटेवर मोडक्या यंत्राचा ढिगारा होता खरा, पण कडेनं जाता येत होतं. कारकून म्हणाला, "सवय दुसरं काय. मेंढरासारखं एकीमागं एक." साहेबांनी त्याला नुसतं एवढंच विचारलं, "मीठ कुठं हाय?"

कारकून जाऊन विचारून आला. लिंबाला बायांनी लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या होत्या, त्यात तान्ही लेकरं. येता-जाता प्रत्येक बाई आपल्या झोळीला एक झोका देऊन जायची. मग आम्ही आधी लेकरांची सोय केली. ढिगारा उचलला, सरळ वाटेच्या कडेला पत्र्याची सावली केली आणि वासे टाकून झोळ्या तिथं आणल्या. गिरजाबाईनं वासा हलवून पाहिला, एकीचं लेकरू ठेवून पाहिलं आणि मग हुकूम सोडला, "चला गं हिकडून." दुसऱ्याच दिवशी जिनांपाशी कापूस इतका भराभर यायला लागला की फिटरला ठेवायला जागा पुरेना.

आम्ही खूश. मॅनेजर तर फारच खूश. त्यांनी साहेबांना कचेरीत बोलावलं. मीही बरोबर होतो.

"कमाल केली साहेब तुम्ही," मॅनेजर म्हणाले. "आता निम्म्या बायांत काम भागतं. बाकीच्यांना संक्रांतीनंतर सुट्टी देऊ."

साहेब म्हणाले, "काम काढायचं अस्तंय. माणूस न्हाई. ह्या बायांना कापूस निवडायला बसवा. काडी, पाला, कवडी, खडा काढतील." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कवडी म्हणजे डागाळलेला कापूस, तो मिसळला की सगळ्या रुईचा भाव पडे. आणि जिनात खडा गेला की ठिणगी उडे, त्या हंगामात दोनदा आम्ही बादल्या घेऊन धावलो होतो.

मॅनेजर काही दुष्ट माणूस नव्हता. वरून त्यालाही कोणी विचारणारं होतं. तो म्हणाला, "पटतंय साहेब. पण निवडायला बाया लावायची तरतूद नाही. जास्तीचा खर्च म्हणावा तर तुमचा वर्ग, तोच मोठ्या मुश्किलीनं मंजूर झालाय. पुढल्या वर्षी बघू."

"पुढल्या वरसाला बाया काय खातील?"

मॅनेजरनं कागद सरळ केले. आम्ही बाहेर आलो. शिपायानं चहा आणला होता. साहेबांनी बशीत न ओतता, कपानंच, उभ्या उभ्या तो संपवला आणि एसटीकडं निघाले. हे मी प्रथमच पाहत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही. आवारातून जाताना गिरजाबाई समोरून आली. त्यांनी मान खाली घालून तिला वाट दिली.

संक्रांत तोंडावर आली असताना वर्गाची पाहणी ठरली. चेअरमन आणि मॅनेजर गोडाऊनमध्ये येऊन बसले. आम्ही चौघांनी एकेक पाठ करून दाखवायचा होता. मी कापसाची वाट सांगितली, फिटरनं पट्टा बदलायची नवी रीत दाखवली, कारकुनानं काट्यावरची गाड्यांची रांग कशी मोडली ते सांगितलं. मुकादमसुद्धा बोलला, आणि काय बोलला तर गठाणी एकदाच उचलून गाडीत कशा ठेवायच्या. चेअरमन मान डोलवत होते. म्हणाले, "चौघंही तयार झाले की."

"झाले ना?" साहेबांनी विचारलं. "तुमी म्हणताव ना?"

"अलबत."

"मंग आता माझा पाठ बघा." त्यांनी फळी पुढं घेतली आणि खिळ्यांवर दोरा चढवायला लागले. "हे पेडगाव. ही एसटी. हे फाटक. हे गोडाऊन. हा एक माणूस रोज येतोय, चौघांना शिकवतोय, परत जातोय. उद्या परत येतोय. होळीपत्तर असाच येणार हाय. अन् चौघांना तर समदं येतंय, आत्ताच चेअरमनसाहेब बोलले. येतंय तेच परत शिकवायचं, ह्याला काय म्हणावं?"

आम्हा चौघांनाही उत्तर ठाऊक होतं. तो शब्द एकदा ऐकला असता तरी पुरे झालं असतं, आम्ही तर दिवाळीपासून रोज ऐकत होतो.

"तुमचं वेगळं आहे साहेब," चेअरमन म्हणाले.

"वेगळं कशानं? खिळा खिळाच अस्तोय." साहेबांनी दोरा एकेका खिळ्यावरून सोडवून घेतला. "मॅनेजरसाहेब म्हणले, तरतूद न्हाई. माझी हाय की. वर्ग आज बंद करा. माझी तरतूद निवडणाऱ्या बायांना लावा. हंगामभर निघतंय का न्हाई, ते मॅनेजरसाहेबांनी बघावं. मी बघितलंय."

तेव्हा मुकादम उठून उभा राहिला. तोच मुकादम, तांब्यावाला. "साहेब, तुमीच म्हणताव, माणूस काढू नका."

"मी कुठं माणूस काढायलोय?" साहेब म्हणाले. "मी घरी जायलोय."

चेअरमन शेतकरी माणूस होते, त्यांना हिशोब पटकन कळायचा आणि दुसऱ्याचा जीवही. त्यांनी मॅनेजरकडं पाहिलं आणि मॅनेजरनं होकार दिला. मला वाटतं त्याच्याही मनावरचं ओझं उतरलं असावं. जाताना साहेबांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "बायांला सांगू नका. उगंच उपकाराचं ओझं. डोक्यावर टोपली हाय तेवढी बस." आणि कोटाची बटणं लावून ते फाटकातून बाहेर पडले.

संक्रांत झाली. एकाही बाईला सुट्टी मिळाली नाही. निम्म्या बाया पत्र्याच्या सावलीत, झोळ्यांच्या शेजारी कापूस निवडायला बसल्या. बोलत बोलत, हसत हसत. जिनात पुन्हा ठिणगी उडाल्याचं त्या हंगामात तरी आठवत नाही. सगळं बरं चाललं होतं आणि म्हणूनच माझ्या अंगाची आग होत होती. कारण गिरजाबाई येता-जाता मला ऐकवायची, "मोजणारा सायेब अर्ध्यातूनच गेला की हो. जबान देऊन आपलं सोडून गेला. नोकरदार मानसाचं असंच. हे तर बरं झालं, मॅनेजरला दया आली."

दोन-चार दिवस ऐकून घेतलं. मग मी सांगून टाकलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. साहेबांनी बजावलं होतं हे खरं, पण त्यांचं सगळंच ऐकायला मी काही फळीवरचा खिळा नव्हतो. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. गिरजाबाई खाली मान घालून कवडी वेचत राहिली. हातातला वाटा निवडून झाल्यावर म्हणाली, "पेडगावला गाडीवाट हाय का?"

आमच्याकडं संक्रांतीचा तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. त्याआधीच्या आठवडी बाजाराच्या सुट्टीला तीन बैलगाड्या जुंपल्या गेल्या आणि सगळ्या बाया, डोक्यावरून वाहणाऱ्या आणि बसून निवडणाऱ्या, लेकरांसकट पेडगावला निघाल्या. आमच्या बुद्धवाड्यातल्या होत्या, बाकीच्या गावातल्याही होत्या. वाट दाखवायला म्हणून मी. पुढल्या गाडीवर, न बोलावता, मुकादम बसला होता.

साहेब अंगणात खाट विणत होते. फाटकासमोर गाड्या थांबलेल्या आणि त्यातून बाया उतरतच चाललेल्या बघून त्यांच्या हातातली सुंभाची गुंडाळी खाली पडली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. गिरजाबाई पदर सावरत पुढं झाली आणि तिनं पुरचुंडी सोडली. तिच्यामागं दुसरीनं आपली पुरचुंडी सोडली, तिच्यामागं तिसरीनं. प्रत्येकीनं आपल्या घरी आपला तिळगूळ केला होता.

साहेबांनी माझ्याकडं रागानं पाहिलं. मग गिरजाबाईला म्हणाले, "अहो बाई, इतक्या जणी? दिवसाची सुट्टी घालवली, बैलं दमवली. एकीच्या हाती दिलं असतं तरी पोचलं असतं की."

"तिळगूळ पोचला असता सायेब," गिरजाबाई म्हणाली. "आमी कशा पोचलो असतो?"

साहेबांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण ओंजळ त्यांनी पुढं केली होती. बायांची रांग अंगणातून गाड्यांपर्यंत गेली होती. एकेक पुढं येई, चिमूटभर तिळगूळ ओंजळीत ठेवी आणि म्हणे, "तिळगूळ घ्या, गोड बोला." साहेब दर वेळी मान लववून म्हणत, "तुमी बी घ्या माय, तुमी बी गोड बोला." ओंजळ भरली की काकू ती परातीत रिकामी करून घेत आणि ते पुन्हा पुढं करत. लेकरं रडायला लागली, बैलं सावलीला बांधावी लागली, तरी त्यांनी एकीलाही लवकर आवर म्हटलं नाही. शेवटच्या बाईलासुद्धा त्यांनी पहिल्या बाईइतकंच पुरं उत्तर दिलं.